नागपूरला कामाशिवाय

"नागपूरले मुक्कामी कायले जाता जी? लगन हाय का कोनाचं?"

शेजारच्या काकूंनी हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्यापाशी धड उत्तर नव्हते. 'मुलांना घेऊन सहज चाललो आहोत' असे आम्ही म्हणालो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी शंका उमटली तीवरून त्यांचा विश्वास बसला नाही हे उघड होते. काकूंच्या बोलीत 'ण' नाही, तशी त्यांच्या नागपुरात हौसही नाही. हे केवळ काकूंपुरतेच खरे आहे असेही नाही.

भंडाऱ्याहून नागपूर ६० ते ६५ किलोमीटर. सकाळच्या एस.टी.ने गेलेला माणूस काम उरकून रात्रीच्या जेवणाला घरी असतो. तो जातो ते कामासाठीच. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात तारीख असते, विभागीय शिक्षण मंडळात गुणपत्रिकेतले नाव दुरुस्त करायचे असते, लग्नाचा बस्ता असतो. आमच्यासारख्यांना उत्तरपत्रिकांची तपासणी असते. आणि या सर्वांहून मोठे काम म्हणजे दवाखाना. आमच्या जिल्ह्यात ज्याला इंग्रजीचे एक अक्षर येत नाही त्यालाही 'रेफर' हा शब्द ठाऊक असतो. 'नागपूरले रेफर केलं' एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारीत नाही. घरात पैसे किती आहेत ते विचारतो.

आम्ही दोघांनीही एम.ए. मराठी नागपुरातच केले. विद्यापीठाच्या नावाआधी तेव्हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव लागलेले नव्हते. ते २००५ मध्ये लागले. त्या दोन वर्षांत हे शहर आमचे होते, निदान तसे वाटत असे. पुढे भंडाऱ्यात नोकऱ्या लागल्या आणि वीस वर्षांत आम्हीही काकूंच्याच पंथाला कधी लागलो ते कळले नाही.

२०२३ च्या हिवाळ्यात आमच्या घरचे काम निघाले. मुलांचे आजोबा, ज्यांना ती आबाजी म्हणत, धंतोलीतील एका रुग्णालयात होते. सात आठवडे. आम्ही पाळीपाळीने तेथे राहत होतो. मुलांना रविवारी आणले जाई. धाकटी तेव्हा सात वर्षांची होती. लहान मुलांना वर सोडत नसत, म्हणून ती खाली वाहनतळात उभी राही आणि आबाजी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी येत. पाचव्या रविवारनंतर ते खिडकीशी आले नाहीत. शेवटी त्यांना परस्पर गावी नेले, आणि मुलांना आम्ही मावशीकडे ठेवले. तो निर्णय आमचा होता. तेव्हा तो शहाणपणाचा वाटला होता.

वर्षभराने तिच्या शाळेची सहल नागपूरला निघाली. सहलीच्या आदल्या रात्री तिचे पोट दुखू लागले. डॉक्टरांना काही सापडले नाही. आम्हाला मात्र सापडले असे आम्ही समजलो: मुलीच्या मनात नागपूर म्हणजे तो वाहनतळ आहे, तिला त्या शहराची भीती बसली आहे, आणि ती घालवणे आपले कर्तव्य आहे. म्हणून जानेवारी २०२५ मधला दुसरा शनिवार आणि त्यापुढचा रविवार ठरला. काम कोणतेही नाही. मुक्काम मात्र करायचाच.

प्राध्यापक माणसे सहल आखतात ती वेळापत्रकासारखी. हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर रकाने पाडले गेले. शनिवार: अजब बंगला, शून्य मैल. रविवार: रामन विज्ञान केंद्र, तेथील तारांगण, दीक्षाभूमी, महाराजबाग. तेरा वर्षांच्या थोरल्याने ते पान पाहिले आणि प्रत्येक घटकाला किती गुण आहेत असे विचारले. आमच्यात वाद झाला तो एकाच गोष्टीवरून. एकाचे म्हणणे, धंतोलीच्या बाजूने रिक्षा जाऊच द्यायची नाही. दुसऱ्याचे म्हणणे, टाळले तर टाळल्याचे तिला कळेल. अखेर टाळणाऱ्याचे मत चालले.

त्या आठवड्यात द्वितीय वर्षाला एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' शिकवणे चालू होते. वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा सुधीर पत्नीसह गावी येतो, आणि वाडा काय झाला आहे हे त्याच्या येण्याने उघडे पडते. शहर आणि गाव यांमधला रस्ता आपल्या साहित्यात बहुधा याच दिशेने चालतो. शहरातला माणूस दुःखाच्या निमित्ताने गावी येतो, शहरातले मूल सुट्टीसाठी मामाच्या गावाला जाते. आमच्यासारख्या जिल्ह्यांतून दुःख उलट दिशेने, रुग्णवाहिकेतून, शहराकडे जाते. त्या प्रवासाला आपल्याकडे पुरेसे लेखन लाभले आहे असे आम्हाला वाटत नाही. वर्गात हे बोललो तेव्हा मागच्या बाकावरच्या दोन-तीन मुलांनी मान वर केली. त्यांच्या घरी कोण रेफर झाले होते ते आम्ही विचारले नाही.

शनिवारी मौद्यावरून पारडीला उतरलो आणि प्रजापती नगरहून मेट्रो धरली. हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला; आमच्या विद्यार्थिदशेत या रस्त्याने सीताबर्डी गाठायला किती वेळ लागे ते मुलांना सांगून पाहिले, त्यांना त्यात रस नव्हता. धाकटी खिडकीला नाक लावून घरांच्या गच्च्या पाहत होती.

अजब बंगला हे १८६३ मधले मध्यवर्ती संग्रहालय. पण अधिकृत नावाने ते कोणी ओळखत नाही. पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे दोघे बराच वेळ रमली. शून्य मैलाच्या खांबापाशी मात्र वेगळेच झाले. हा देशाचा मध्यबिंदू अशी समजूत आहे. वस्तुतः तो ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी संबंधित दगड. त्यावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशी गावे आणि मैल कोरलेले आहेत. मुलीने सगळ्या बाजूंनी फेरी मारली.

"भंडारा कुठे आहे?"

भंडारा नव्हता. ३१८ मैलांवरचे हैदराबाद होते. थोरला म्हणाला, "आपण मोजण्याइतके लांब नाही." हे उत्तर आम्हाला सुचले नसते.

रात्री बर्डीवरच्या लॉजमध्ये अंथरुणे घातली. मुलीने दार नीट लागले आहे की नाही ते पाहिले आणि विचारले, "आज रात्री कोण जागणार?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. नागपूरचा मुक्काम म्हणजे कोणीतरी एकाने जागायचे असते, एवढेच तिने घरी ऐकले होते. 'आज कोणीही नाही' असे सांगितल्यावर ती लगेच झोपली. त्या रात्री आम्ही दोघेही जागे होतो, हा भाग निराळा.

रविवारी सकाळी तर्री पोहे खाताना तिने पत्ता काढला. आता आबाजींच्या दवाखान्यात जायचे ना? आमच्या वेळापत्रकात ते नव्हते. किंबहुना ते नसावे म्हणूनच वेळापत्रक होते. तुला तिथे भीती वाटते ना, असे आम्ही विचारले. तिने पोह्यांतून मान वर केली.

"मी त्यांना पुढच्या रविवारी येते म्हटलं होतं."

मग सहलीला का गेली नाहीस? तर, बाई तिकडे नेणार नव्हत्या. नागपूरला जायचे आणि तिकडे जायचे नाही, हे तिला पटले नव्हते. पोट खरेच दुखले होते, असेही तिने सांगितले.

वर्षभर आम्ही चुकीच्या अर्थनिर्णयावर चाललो होतो. ज्यांचा व्यवसायच अर्थ लावण्याचा, त्यांनी हे कबूल केलेले बरे.

धंतोलीत गेलो. वाहनतळ तोच, रखवालदार निराळा. तिने उभे राहण्याची तिची जागा बरोबर शोधली, आणि वर पाहत राहिली. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांवर कुणाचा तरी निळा टॉवेल वाळत होता. थोरला थोडा दूर, पाठ फिरवून उभा होता; त्याला काय वाटत असेल हे आम्ही कधी विचारलेच नव्हते, याची जाणीव तेव्हा झाली. त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलो. तो काही बोलला नाही, पण बाजूलाही झाला नाही. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मग धाकटी आली आणि म्हणाली, आता चला.

विज्ञान केंद्रात पोचायला उशीर झाला. १९९२ मध्ये उघडलेल्या या केंद्राला ज्यांचे नाव आहे ते चंद्रशेखर व्यंकट रामन वित्त खात्याच्या नोकरीत १९१० च्या सुमारास बदलीवर या शहरात काही काळ होते. म्हणजे तेही कामानेच आलेले. मुले आरशांच्या आणि ध्वनीच्या खेळांत हरवली. तारांगणाची वेळ टळली, दीक्षाभूमी राहिली, महाराजबाग राहिली. परतीच्या बसमध्ये थोरल्याने हजेरीपट मागून घेतला, राहिलेल्या तीन नावांपुढे रकाना पाडला आणि तारीख लिहायला पेन मागितले.