दुसरं औषध कशासाठी?

गंभीर जंतुसंसर्गात एकच अँटिबायोटिक लिहायला धीर लागतो. माझ्याकडे तो बरीच वर्षं नव्हता. रुग्ण जितका अत्यवस्थ तितकी औषधं जास्त, असा माझा सरळ हिशोब. आयसीयूच्या राउंडला ‘कव्हर वाढवूया’ म्हटलं की ज्युनियर समजून जात. नातेवाइकांना ‘दोन भारी अँटिबायोटिक्स सुरू केलीत’ असं सांगितलं की त्यांना बरं वाटे. खरं तर मलाही वाटे.

ही श्रद्धा क्षयरोगातून आली होती, आणि तिथे ती शंभर टक्के खरी आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण आधी सुधारले, पण पुढे बहुतेकांचे जंतू त्या औषधाला दाद देईनासे झाले. जोडीला पॅस हे दुसरं औषध दिल्यावर हे प्रमाण एकदम घटलं. कारण साधं, गणिती आहे. फुप्फुसातल्या एका पोकळीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांत आयसोनियाझिडला न जुमानणारा साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. दोन्हींना एकाच वेळी पुरून उरणारा जवळजवळ अशक्य. महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचारात हे गणित जीव वाचवतं. मी मात्र ते तसंच उचललं आणि सात-दहा दिवसांच्या सेप्सिसला लावलं. तिथे जंतूही वेगळे, त्यांची संख्याही वेगळी, आणि त्यांचा प्रतिरोध बऱ्याचदा रुग्णासोबतच आत आलेला असतो.

उलट पुरावा नव्हता असं नाही. न्यूमोकॉकसच्या मेंदूज्वरात पेनिसिलिनला ऑरिओमायसिनची जोड दिली तर एकट्या पेनिसिलिनपेक्षा मृत्यू कितीतरी वाढतात, हे १९५१ सालीच दिसलं होतं. पेनिसिलिन वाढत्या जंतूला मारतं, ऑरिओमायसिन जंतूची वाढच थांबवतं. म्हणजे एकाने दुसऱ्याचं काम काढून घेतलं. परीक्षेत मी हे उत्तर लिहिलंय. वॉर्डात त्याची आठवण ठेवली नाही.

२०१८ साली इस्रायल, ग्रीस आणि इटलीतल्या, मेरोपेनेमसारख्या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या ४०६ रुग्णांवरची चाचणी छापून आली. एका गटाला फक्त कोलिस्टिन, दुसऱ्याला कोलिस्टिन आणि मेरोपेनेम, म्हणजे आमचीच लाडकी जोडी. अठ्ठावीस दिवसांतले मृत्यू अनुक्रमे ४३ आणि ४५ टक्के. मी लगेच पळवाट शोधली: त्यांचे रुग्ण बहुतेक असिनेटोबॅक्टरचे, आपल्याकडे क्लेबसिएला किती! हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण निकाल माझ्या बाजूने लागला असता तर मी तो काढला असता का? नसता.

खरा हादरा २०२० सालच्या चाचणीने दिला. रक्तात एमआरएसए असलेल्या रुग्णांना व्हँकोमायसिन किंवा डॅप्टोमायसिनसोबत फ्लुक्लोक्सासिलिनसारखं औषध दिलं. रक्तातले जंतू लवकर गेले, पण रुग्ण काही जास्त वाचले नाहीत. मूत्रपिंडाला इजा मात्र ६ टक्क्यांऐवजी २३ टक्क्यांना झाली आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. कल्चर निगेटिव्ह आलं की आम्ही खूश होतो. त्याच वेळी चढणारं क्रिएटिनिन आजाराच्या खात्यावर टाकतो. माझ्या दुसऱ्या औषधाच्या खात्यावर ते मी क्वचितच टाकलं होतं.

म्हणून आता मी एकल औषधाची भक्त झाले, असंही नाही. एन्टेरोकॉकस हृदयाच्या झडपेवर बसला की अँपिसिलिनला जोडीदार लागतोच. एनडीएमचं तर उदाहरण सुंदर आहे. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी एनडीएम-१ असलेले जंतू नोंदवले, आणि आज ते आमच्या रोजच्या ओळखीचे आहेत. हे एन्झाइम मेरोपेनेम फोडतं, पण अ‍ॅझट्रिओनामला हात लावत नाही. अडचण अशी की त्याच जंतूकडे सहसा इतर एन्झाइम्सही असतात आणि ती अ‍ॅझट्रिओनाम फोडतात. सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टममधलं अ‍ॅव्हिबॅक्टम त्या इतरांना रोखतं. एकेकटी निकामी ठरणारी औषधं इथे एकत्र चालतात, कारण प्रत्येकाला नेमून दिलेलं काम आहे.

आता सेप्टिक शॉकच्या पहिल्या रात्री, जंतू ठाऊक नसताना, मी दोन औषधं देते. तो अज्ञानाचा उपाय आहे, आणि योग्य आहे. कल्चर रिपोर्ट आला की राउंडला विचारते, दुसरं नेमकं काय करतंय? उत्तर नसेल तर बंद.

एका ठिकाणी मात्र माझा हात अजून अडखळतो. रिपोर्टमध्ये फक्त कोलिस्टिन चालेल असा असिनेटोबॅक्टर निघाला, रक्तदाब औषधांवर टिकलेला असला, की मी जोडीला काहीतरी लिहितेच. त्या २०१८ च्या चाचणीतल्या बहुतेक रुग्णांत नेमका हाच जंतू होता, हे मला माहीत आहे.