मामांचे दोन कॉम्प्युटर आणि वाफसा

विंडोज 10चे नेहमीचे अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025ला थांबले. पुढच्याच आठवड्यात दिवाळीला दौंडहून शिरूरला (मामांच्या भाषेत घोडनदीला!) गेले, तर फराळाआधी प्रश्न समोर आला, "अगं, यात आता काय टाकायचं?"

मामांचं लग्नपत्रिकांचं डीटीपी. दुकानात दोन जुळी मशिनं, दोन्हींत सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर. विंडोज 11ला अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. चालती मशिनं भंगारात घालायला मामा तयार नव्हते, आणि मीही नव्हते. मी उबुंटू सुचवलं.

त्यातही दोन. नुकतंच आलेलं 25.10 की दीड वर्ष जुनं 24.04? हे आकडे म्हणजे वर्ष आणि महिना, बरं का. नव्याला नऊ महिने अपडेट्स, जुन्याला पाच वर्षं, कारण ते एलटीएस. मामांचा ओढा अर्थात नव्याकडे. मी सांगितलं, जुन्या एलटीएसवाल्यांना नवी एलटीएस आली तरी लगेच दिली जात नाही. काही महिन्यांनी पहिली दुरुस्त आवृत्ती निघाली की मगच.

"म्हणजे वाफसा आल्यावर पेरायचं," मामा म्हणाले. झालं, 24.04 ठरलं!

पण पत्रिकांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं. म्हणून एका मशीनची इंटरनेटची वायर काढली आणि ते पत्रिकांना ठेवलं. मेल, बँक, बिलं दुसऱ्यावर.

खरा जीव अडकला होता तो एका फाइलमध्ये. आजोबांनी 1999 साली टाइप केलेली आमची वंशावळ. तेव्हाचा फॉन्ट युनिकोडपूर्वीचा. तो नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. उद्या ते मशीन बसलं तर? म्हणून मजकूर युनिकोडमध्ये आणायला घेतला. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे 'शिरूर'ची वेलांटी सुटून पुढे लोंबकळायची, रफार भलत्याच डोक्यावर. एकेक नाव हाताने तपासावं लागलं.

मामी शेजारी बसून नावं वाचत होत्या. चौथ्या पिढीपाशी थांबल्या. फाइलमध्ये फक्त पुरुष. मामींना मात्र तीन पणज्यांची नावं तोंडपाठ होती, माहेरच्या गावांसकट. म्हणाल्या, "घाल आता."

घातली.