शेगडीचा वैल

मनुष्य परमुलखात गेला की त्याची बोली बदलते, पोशाख बदलतो, पाहुण्याला पाणी विचारण्याची रीतसुद्धा बदलते. त्याची जीभ मात्र बदलीचा हुकूम मानीत नाही. सरकारी नोकरीच्या अठ्ठावीस वर्षांत सात गावांचे पाणी प्यालेल्या माणसाचे हे मत आहे, तेव्हा वाचकांनी ते अनुभवाच्या वजनाने घ्यावे. कुणाची जीभ आंबेमोहोर भातासाठी अडून बसते, कुणाची गोड्या मसाल्यासाठी. माझ्या जिभेचा हट्ट विस्तवाचा आहे. वांगे असो, मक्याचे कणीस असो की कोंबडीची तंगडी असो, ती निखाऱ्यावर भाजलेली असावी, एवढेच तिचे मागणे. गॅसच्या ज्योतीवर वांगे भाजता येते, नाही असे नाही. परंतु ते भाजणे म्हणजे कचेरीतल्या मसुद्याप्रमाणे बिनचूक आणि बेचव.

डेहराडूनला आल्यावर या हट्टाला प्रथमच मोकळे अंगण मिळाले. सर्व्हे ऑफ इंडियाचे मुख्यालय, १९०६ साली स्थापन झालेली वनसंशोधन संस्था आणि इतर अनेक केंद्रीय कचेऱ्या यांमुळे या गावात देशाच्या सर्व कोपऱ्यांतील नोकरदार सापडतात. आमच्या आसपास मराठी बिऱ्हाडे पाच. हिवाळ्यातल्या रविवारी ती सारी आमच्या अंगणात जमू लागली, आणि बाजारातून आणलेली एक तयार शेगडी मध्यभागी पेटू लागली. हल्ली तिला बार्बेक्यू म्हणतात. नाव काहीही ठेवा, ती पत्र्याची पेटी, तिच्यात लोणारी कोळसा आणि वर लोखंडी जाळी, एवढाच तिचा संसार.

दोन-तीन रविवारांतच त्या संसारातील उणिवा दिसू लागल्या. कोळसा कमी पडला की पदार्थांसकट अख्खी जाळी उचलावी लागे. म्हणजे एकाने दोन चिमटे घेऊन जाळी धरायची आणि दुसऱ्याने खाली कोळसे टाकायचे. राख तळाशीच साचे आणि निखाऱ्यांचा श्वास कोंडे. उंची अशी की भाजणाऱ्याने अर्धा तास रुकूत उभे राहावे. पण सर्वांत मोठी उणीव निराळीच होती. या शेगडीवर पदार्थाला दोनच अवस्था ठाऊक होत्या: भाजणे आणि गार होणे. जाळीवर ठेवावा तर करपतो, उतरवून ताटात ठेवावा तर दूनच्या थंडीत पाच मिनिटांत गारठतो. भाजून तयार झालेल्या पदार्थाने थांबावे कोठे, या प्रश्नाला त्या पेटीपाशी उत्तर नव्हते.

याचे कारण कोळशाच्या स्वभावात आहे. लाकूड अपुऱ्या हवेत तापवले की त्यातील पाणी आणि धूर होणारे घटक निघून जातात आणि मागे मुख्यतः कार्बन उरतो. म्हणून लोणारी कोळसा धूर न करता, ज्योतीचा गाजावाजा न करता नुसता फुलतो. त्याची धग बहुतांशी किरणांच्या रूपाने वर येते. साहजिकच पदार्थ निखाऱ्यापासून किती अंतरावर आहे यावर सारे अवलंबून असते. गॅसची चावी फिरवून आच कमी करता येते. निखाऱ्याला चावी नाही. त्याच्यापासून दूर सरकणे, एवढाच त्याच्याशी वागण्याचा मार्ग. तेव्हा चांगली शेगडी म्हणजे चांगली अंतरे, असे म्हटले तरी चालेल. जिच्यात एकच अंतर आहे ती शेगडी अपुरी.

ही गोष्ट जगाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांच्या बोलीतून स्पॅनिश भाषेत ‘बार्बाकोआ’ होऊन आला, आणि त्याचा मूळ अर्थ मांस नव्हे, विस्तवही नव्हे, तर काटक्यांचे उंच मचाण असा आहे. म्हणजे या साऱ्या प्रकारात मुख्य वस्तू जाळी, आणि जाळीचे मर्म तिची उंची. पुढे १९५२ साली अमेरिकेत शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थाला उघड्या शेगडीवरच्या वाऱ्याचा आणि राखेचा कंटाळा आला. तो ज्या कारखान्यात होता तेथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. त्याने तसल्या गोलाचे दोन भाग केले, एकाला पाय लावले, दुसऱ्याचे झाकण केले आणि हवेसाठी भोके ठेवली. वेबर या नावाने ती किटलीसारखी शेगडी पुढे जगभर गेली. झाकणामुळे वारा अडला, धग आत फिरू लागली आणि भोके उघडझाप करून आच आवरता येऊ लागली. निखाऱ्याला चावी नाही असे मी वर म्हटले. स्टीफनने ती हवेच्या भोकांत शोधली, हे त्याचे श्रेय.

पण मला जी उणीव डाचत होती तिचे उत्तर शिकागोपर्यंत जाऊन शोधण्याची गरज नव्हती. ते आमच्या घरच्या चुलीत होते. माझे बालपण साताऱ्याकडील एका खेड्यात गेले. आमच्या मातीच्या चुलीला शेजारी एक धाकटे तोंड होते. त्याला वैल म्हणत. थोरल्या तोंडाशी जाळ लागे, आणि त्या जाळाची उरलेली धग आतल्या वाटेने वैलाकडे येई. थोरल्या तोंडावर भाकरी होत, वैलावर आमटी नुसती उबेत बसे. तिकडे जळण वेगळे घालावे लागत नसे. वर्ध्याच्या मगनवाडीशी जिचे नाव जोडलेले आहे त्या मगन चुलीतही एकाच जाळावर एकाहून अधिक भांडी ठेवण्याची सोय आहे. वाया जाणारी ऊब पदरात पाडून घेणे, ही आपल्याकडील गृहिणींची जुनी विद्या. तिचे शास्त्र पुढे कितीही लिहिले गेले तरी ती आधी मातीने लिंपली गेली होती.

शेगडीला मात्र वैल नव्हता. तो द्यावा, असे मी ठरवले आणि गावाबाहेरच्या एका लोहारकामाच्या दुकानात गेलो. दुकानाचे मिस्त्रीजी साठीच्या घरातले, डोळ्यांवर काळा चष्मा, बोलणे मोजके. प्रथम मी त्यांना तेलाचे जुने पिंप आडवे कापून देण्यास सांगितले, कारण अशा शेगड्या अनेक ठिकाणी दिसतात. त्यांनी मान हलवली. रिकाम्या पिंपात तेलाच्या वाफा राहतात आणि कापताना ठिणगी पडली की स्फोट होतो, म्हणून ते काम ते घेत नसत. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही त्यांनी बाजूला सारला. फार तापला की त्यातून विषारी धूर निघतो. शेवटी कोऱ्या लोखंडी पत्र्यावर आमचे एकमत झाले.

मग चार संध्याकाळी आम्ही दोघांनी खडूने फरशीवर आराखडे काढले. पेटी ८० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. भाजण्याची जाळी जमिनीपासून ८५ सेंटिमीटर, म्हणजे घरच्या ओट्याच्या उंचीची, की कुणाची कंबर मोडू नये. कोळसा तळावर न ठेवता तळापासून ५ सेंटिमीटर वर असलेल्या जाड सळयांवर ठेवायचा, म्हणजे खालून हवा येते आणि राख खालच्या खणात पडते. खण ओढला की राख बाहेर. डाव्या अंगाला बिजागरीचे दार, त्यातून कोळसा घालायचा. वरची जाळी हलवण्याचे कारण नाही. निखारे पेटीच्या दोन तृतीयांश भागातच पसरायचे, उरलेला भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे चरबी ठिबकून जाळ उठला की पदार्थ बाजूला सरकवायला जागा राहते. भाजण्याची जाळी दोन तुकड्यांची, कारण आमच्या पाच बिऱ्हाडांपैकी दोन शाकाहारी. त्यांच्या वांग्याला कोंबडीचा शेजार नको. त्यांचा चिमटाही वेगळा.

आणि मागच्या अंगाला, भाजण्याच्या जाळीच्या २० सेंटिमीटर वर, एक अरुंद दुसरी जाळी. हाच शेगडीचा वैल. तिची उंची ठरवायला आम्हांला एक पूर्ण संध्याकाळ लागली. खाली घेतली तर पदार्थ भाजतच राहतो; फार वर नेली तर नुसती शोभा. शिजवलेले अन्न बराच वेळ ठेवायचे तर ते साधारण ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम राहिले पाहिजे, नाही तर कोमट अन्नात जंतू वाढतात. म्हणून मी भट्टीचा तापमापक नेला होता. मिस्त्रीजींनी तो पाहिला, मग स्वतःचा तळहात जाळीच्या जागी धरून मनात आकडे मोजले आणि खडूची खूण केली. ती खूण आणि तापमापक यांत फारसे अंतर पडले नाही.

खूण करून झाल्यावर त्यांनी विचारले, “साहब, ये ऊपरवाली जाली किसके लिए?”

मी म्हणालो, “जो देर से आए, उसके लिए, मिस्त्रीजी.”

ते थोडे थांबले आणि म्हणाले, “देर से तो पकानेवाला ही बैठता है.”

हे वाक्य त्यांनी वेल्डिंगच्या तारा गुंडाळता गुंडाळता सहज म्हटले. पण घरी परतताना ते माझ्याबरोबर आले. आमच्या चुलीचा वैल मला पुन्हा आठवला, या वेळी त्यावरील भांड्यासकट. वडील तलाठी. सजातील गावे फिरून त्यांना परतायला कित्येकदा रात्रीचे दहा होत. त्यांची आमटी वैलावर असे, त्यांच्या भाकरी टोपल्यात फडक्याखाली असत. आजोबांचे दूधही तेथेच तापत राही. वाट पाहण्याची आईची सारी व्यवस्था त्या वीतभर जागेत मावलेली होती. वडिलांचे जेवण झाले की ती स्वतः बसे. तोवर चूल विझलेली असे आणि वैलावरचे भांडे रिकामे होऊन घासण्यात गेलेले असे. तिची भाकरी गार, तिची आमटी तळाची. घरात ऊब राखण्याची सोय होती, ती राखणारे हातही होते. त्या हातांचा वाटा मात्र त्या सोयीत धरलेला नव्हता. चूल लिंपणारी तीच, आणि स्वतःचे भांडे तिने वैलावर कधी ठेवले नाही. ठेवू नये असा नियम कुणी केलेला नव्हता, म्हणून तो मोडण्याचा प्रश्नही कधी निघाला नाही.

अवजार कितीही सोयीचे करा, ते सोय कोणाची करते हे पत्रा आणि सळया ठरवीत नाहीत. ते घराची रीत ठरवते. म्हणून नवी शेगडी अंगणात आली त्या रविवारी मी अवजाराबरोबर एक रीतही सुरू केली. जो भाजायला उभा राहील त्याचा वाटा सर्वांत आधी निघेल आणि वरच्या जाळीवर झाकून ठेवला जाईल; मग बाकीच्यांची ताटे. पहिल्या दिवशी चिमटा सौभाग्यवतींच्या हाती होता. मी एक तंगडी, दोन कांदे आणि अर्धे कणीस वर ठेवताच त्या म्हणाल्या, “अहो, आधी पाहुण्यांना वाढायचं सोडून हे काय?” शेजारच्या वहिनींनी मात्र ताबडतोब त्यावर वाडगे उपडे घातले आणि म्हणाल्या, “राहू द्या वहिनी, आज तुम्हीही गरम खा.” त्यावर हशा झाला, पण ते वाडगे कुणी हलवले नाही.

पुढे अनुभवाने कळले की वरच्या जाळीचेही काही मानापमान आहेत. कोंबडी तेथे पाच-दहा मिनिटे विसावली की तिचा रस आत मुरतो आणि ती अधिक चांगली लागते. वांगे आणि रताळे तर तेथे सुखाने बसतात. कणीस सोलून ठेवले की दाणे सुकतात, पाल्यासकट ठेवले तर टिकते. भाकरी वाडग्याखाली न ठेवल्यास कडक होते. कच्चे काही तेथे ठेवायचे नाही, कारण त्याचा रस खालच्या तयार पदार्थावर ठिबकतो.

एक गोष्ट मात्र आम्ही सर्वांना बजावून ठेवली आहे. दूनची थंडी कडाक्याची असली तरी शेगडी घरात न्यायची नाही, बंद व्हरांड्यातही नाही. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून माणूस निर्धास्त झोपतो आणि उठत नाही. बंद खोलीतल्या अंगीठीने माणसे दगावल्याच्या बातम्या उत्तरेत हिवाळ्यात वाचायला मिळतात. उबेची सोय उघड्यावर असली तरच ती सोय.

शेगडीचे पाय नटबोल्टचे आहेत, हे सांगायचे राहिले. बदलीच्या नोकरीतील माणसाने जमिनीत पुरलेली वस्तू करू नये, एवढे शहाणपण सात गावांनी मला शिकवले आहे. पण शेगडी माझ्याबरोबर येईल की नाही याची आता तितकीशी काळजी उरलेली नाही. ती पाहून दोघा-तिघांनी मिस्त्रीजींकडे तशाच शेगड्या करायला टाकल्या. परवा दुकानावरून जात असताना त्यांनी मला हाक मारून थांबवले. एका गिऱ्हाइकाने वरची जाळी काढून टाकायला सांगितली होती. तेवढेच पैसे वाचतील, हा त्याचा हिशेब.

“मग काय केलंत?” मी हिंदीत विचारले.

मिस्त्रीजींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. “पैसे कम कर दिए, साहब,” ते म्हणाले, “जाली नहीं निकाली. वो पकानेवाले की जगह है.”