समुपदेशक वेगळाच हवा

मुलांच्या मनाचं काम शाळेत शिक्षकांनीच करावं, असं मी वर्षानुवर्षं हिरिरीने मांडत आले. वेगळा समुपदेशक म्हणजे वेगळा पगार. प्रकल्पाचा निधी संपला की तो जाणार, शिक्षक मात्र राहणार. २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेत शाळाशाळांतल्या दोन-दोन शिक्षकांवर आरोग्याचं काम सोपवलं, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

माझं मत बदललं ते बिहारमधल्या एका अभ्यासामुळे. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ शाळा घेऊन 'सेहर' हा उपक्रम तपासला. भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, आणि बोलायला एक 'सेहर मित्र'. काही शाळांत हा मित्र शिक्षकच होता, काहींत प्रशिक्षण देऊन नेमलेला, मानसशास्त्रज्ञ नसलेला माणूस. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'ने निष्कर्ष छापले. वेगळा माणूस नेमलेल्या शाळांत दादागिरी, मारहाण, नैराश्य कमी झालं. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही.

यात शिक्षकांचा दोष मला दिसत नाही. लखनौमधली आमची तेलीबाग वस्ती लष्करी छावणी आणि पीजीआय रुग्णालय यांच्या मधे आहे. वडिलांची बदली झाली म्हणून इथे आलेल्या मुलाला गणिताची धास्ती वाटते, हे तो गणिताचेच पेपर तपासणाऱ्या बाईंना कसं सांगेल? आणि निवडणुकीची कामं, बोर्डाच्या उत्तरपत्रिका यांतून त्या बाईंनी तरी वेळ कुठून काढावा?

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: दुसऱ्या वर्षी परिणाम आणखी वाढला. म्हणजे वर्षभराचा प्रकल्प नेमका रुजू लागतो तेव्हाच आपण तो गुंडाळतो. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, एक व्याख्यान, चार फलक, आणि झालं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा, जरूर लावावा. पण फोनवरच्या माणसाला मधल्या सुट्टीत एकटा बसलेला मुलगा दिसत नाही.

पैशांची अडचण खरी आहे, हे मी आजही म्हणते. पण ती शिक्षकांच्या माथी मारून सुटत नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. पुढच्या पालकसभेत एवढं विचाराच: आपल्या शाळेत हा माणूस कोण, तो रोज येतो का, आणि पुढच्या वर्षीचा त्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार आहे?