तई चार आणि संकष्टी

14 जानेवारी 2025, तिरुवैयारूजवळ
सुनेच्या माहेरी पोंगलला आले आहे. संबा भात कापणीला आलंय. तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, तिची आजी बसलेली, वय 84. "जेवलीस का गं?" असं दुपारपर्यंत तीनदा विचारून झालं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं. सून हळूच म्हणाली, "आई, विसरते ती."
1855 मध्ये तंजावरच्या भोसल्यांचं राज्य गेलं, या घरातली मराठी राहिली. देवनागरी मात्र कुणालाच वाचता येत नाही. आजी माझ्याशी मराठीत बोलते, मान वळवून गड्याशी तमिळमध्ये.

17 जानेवारी
विहीणबाईंनी आजीच्या डिसेंबरमधल्या स्मरणाच्या तपासणीचा कागद दाखवला. 20 तारखेला आजीला तारीख विचारली होती. ती म्हणाली, "मार्गळी पाच." उत्तर चूक धरलं. आम्ही तमिळ कॅलेंडर काढलं, तर त्या दिवशी मार्गळी महिन्याची पाचच होती!
आज मी विचारलं. "तई चार. आणि संकष्टी, माझा उपास आहे." दोन्ही बरोबर. मला संकष्टीची आठवण तिनेच करून दिली.
हरियाणातल्या बल्लभगढच्या खेड्यांत निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदीत चाचणी तयार केली, तेव्हा शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी विसातून तीन-तीन वजा करायला सांगितलं. प्रश्न माणसाच्या मापाचा करावा लागतो. आजीला मी तेच भाताच्या मापांत विचारलं. दोनपर्यंत आली आणि म्हणाली, "आता पुरे, उंदरांना राहू दे."

18 जानेवारी
रात्री सुनेने फोनवर वाचून दाखवलं: हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे 648 रुग्ण पाहिले. 2013 मध्ये त्यांनी लिहिलं की दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा दिसला, निरक्षरांतसुद्धा. सून खूश. मी म्हटलं, अगं, ते सगळे आजारीच होते. उशीर म्हणजे सुटका नव्हे. आजी काल चाव्या तांदळाच्या डब्यात ठेवून विसरली, हेही कागदावर यायला हवं. देशात साठीपुढच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं, असा अंदाज आहे. त्यात आपलं माणूस नसेलच असं समजू नये.

20 जानेवारी
'मक्कळैत् तेडि मरुत्तुवम्' योजनेतली बाई रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन दारात आली. 2021 पासून तमिळनाडूत अशी औषधं घरपोच येतात. मला ही योजना फार आवडली. बाईने मागून हाक मारली, आजीने वळून पाहिलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. समोर येऊन बोलल्यावर मात्र खणखणीत उत्तर, वर बाईच्या सासूची चौकशी.
मला 'जेवलीस का'ची माझी तीन उत्तरं आठवली. तिन्ही वेळा मी स्वयंपाकघरातून 'हो' म्हटलं होतं. तिला ते पोचलंच नसणार.
लॅन्सेटच्या समितीने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्याजोगी 14 कारणं सांगितली. रक्तदाब, मधुमेह, एकटेपणा यांच्याबरोबर कमी ऐकू येणंही त्यांत आहे. आमच्या घरात दहा वर्षं 'म्हातारीला ऐकू कमी येतं' हे थट्टेत चाललं होतं, असं विहीणबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.
चाव्यांचा प्रश्न कानाने सुटणार नाही, तोही डॉक्टरांना सांगायचा आहे. गुरुवारी तंजावरला कानाची तपासणी. नंतर स्मरणाची पुन्हा, या वेळी मराठीत, आणि शेजारी पंचांग ठेवून.