मी जाहीर करतो की...

चौतीस वर्षे कचेरीत काढलेल्या माणसाने आयुष्यात किती सह्या केल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. मीही ठेवलेला नाही. पण 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' या वाक्याखाली मी जितक्या वेळा नाव लिहिले, तितक्या वेळा रामनाम घेतले असते, तर एव्हाना मोक्षाची सोय झाली असती! त्यांतला किती मजकूर मी खरोखर वाचला होता, हे मात्र विचारू नका.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे माझा पुतण्या आणि त्याचे ड्रोन.

आमचे मूळ गाव डिंगोरे. ओतूरकडून माळशेज घाटाकडे निघाले की वाटेत लागते. थोरले बंधू गेल्यापासून तिथली शेती पुतण्या पाहतो. कांदा, टोमॅटो, थोडा ऊस. गणपतीच्या आधी त्याचा फोन आला, "काका, दोन दिवस या. कागद वाचायचेत, आणि बँकेत जामीनही राहायचंय."

जामीन हा शब्द ऐकला की पेन्शनर माणसाच्या पोटात गोळा येतो. तरी गेलो.

त्याचा विचार चुकीचा नव्हता. पाठीवर पंप घेऊन फवारणी करायची म्हणजे निम्मे औषध पिकावर आणि निम्मे आपल्या नाकातोंडात. त्यापेक्षा दहा लिटरची टाकी घेऊन उडणारे यंत्र बरे. स्वतःचे रान फवारून झाले की शेजारच्यांचेही भाड्याने करायचे. त्याच्यापुढे दोन यंत्रे होती. एक महाग. दुसरे कोणा कारागिराने सुटे भाग आणून जोडलेले, जवळजवळ निम्म्या किमतीचे. स्वस्त यंत्राबरोबर एक कागद होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते, 'हे यंत्र सर्व शासकीय सुरक्षा नियमांनुसार असल्याचे आम्ही जाहीर करतो.' खाली सही आणि निळा गोल शिक्का.

"बघा, सही-शिक्क्याचं आहे," पुतण्या म्हणाला.

मी चष्मा पुसला. कचेरीतली एकच विद्या मला अवगत आहे. ज्या कागदावर 'सर्व नियमांनुसार' असे लिहिलेले असते, त्यावर एकाही नियमाचा क्रमांक नसतो. इथेही नव्हता. आपल्याकडे 25 ऑगस्ट 2021 रोजी ड्रोनचे नियम निघाले. 250 ग्रॅमपर्यंतची खेळण्यासारखी यंत्रे आणि असेच काही अपवाद सोडले, तर प्रत्येक नमुन्याला टाइप सर्टिफिकेट हवे असे त्यांत ठरले. बनवणाऱ्याने नुसते 'आमचे चांगले आहे' म्हणून भागत नाही. नमुना तपासणी संस्थेकडे द्यायचा, तिने तो पारखायचा, आणि मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रमाणपत्र द्यायचे. पहिले असे प्रमाणपत्र जून 2022 मध्ये दिले गेले, आणि गंमत म्हणजे ते शेतीच्याच एका ड्रोनला! महाग यंत्राच्या कागदांत प्रमाणपत्राचा क्रमांक होता. स्वस्त यंत्राच्या कागदात होता तो नुसता शिक्का.

"क्रमांकाचे एवढे काय घेऊन बसलात काका? उडतंय ना ते? उद्या तो माणूस येऊन दाखवणारच आहे."

दुसऱ्या दिवशी तो आला. गृहस्थ मोठे बोलके. टाकीत औषधाऐवजी पाणी भरले, आणि यंत्र घोंगावत कांद्याच्या रानावर गेले. पोरे टाळ्या पिटू लागली. एक-दोन म्हाताऱ्या मात्र मागे सरकल्या. 2024 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी गावांवर रात्रीचे दिवे घिरट्या घालीत होते, आणि माणसे काठ्या घेऊन जागली होती. त्याची धास्ती अजून गेलेली नव्हती.

वहिनी बांधावर उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारले, "भावजी, त्यातला एखादा पंखा मधेच बंद पडला तर हे कुठं येतं?"

मी तोच प्रश्न त्या गृहस्थांना केला. ते हसले. "काही होत नाही हो साहेब! आजवर एकदाही पडलं नाही."

"तसं नव्हं," वहिनी म्हणाल्या, "पडलं तर काय होईल, ते विचारतेय."

एवढ्यात वाऱ्याचा झोत आला, यंत्र आमच्या बाजूला झुकले, आणि सर्वांच्या आधी कोण मागे पळाले असेल? ज्यांनी सही केली होती ते!

रात्री टोरांटोहून मुलीचा फोन आला. जावई तिकडे इमारतींची पाहणी ड्रोनने करतात. सकाळचा प्रकार सांगितला तेव्हा ते म्हणाले, "बाबा, वहिनींनी विचारला तो प्रश्न आमच्याकडे नियमातच आहे." कॅनडात 1 जून 2019 पासून नवे नियम लागू झाले. माणसांपासून तीस मीटरच्या आत उडवायचे असेल, तर तो 'प्रगत' प्रकार. त्यासाठी चालवणाऱ्याला वेगळे प्रमाणपत्र लागते, आणि यंत्र बनवणाऱ्याने सरकारला लिहून द्यावे लागते की, यातला कोणताही एक भाग निकामी झाला तरी खालच्या माणसाला गंभीर इजा होणार नाही. पुष्कळ बाबतींत सरकार स्वतः यंत्र तपासायला येत नाही, बनवणाऱ्याच्या शब्दावर चालते. पण तो शब्द कशावरून दिला, त्या चाचण्यांचे कागद त्याने जपून ठेवायचे, आणि पुढे दोष सापडला तर आपण होऊन कळवायचा.

मला नवल वाटले. तिकडे बनवणाऱ्याची ग्वाही, इकडे तपासणाऱ्याचे प्रमाणपत्र. वाटा दोन. पण मुळाशी प्रश्न एकच, आणि तो आमच्या वहिनींनी बांधावर उभे राहून विचारलेला.

त्या रात्री झोप लागेना. आजोबांची आठवण झाली. उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा असला की घायपाताचा दोर ते स्वतः वळीत. गडी खाली उतरायचे. पण नव्या दोराने पहिल्यांदा उतरायचे ते आजोबांनीच. आजी ओरडायची. ते म्हणायचे, "दोर मी वळलाय ना? मग आधी मी." त्यांनी जन्मात कुठे सही केली नाही. अंगठा उठवीत. पण त्यांच्या दोराला जामीन लागला नाही.

सकाळी पुतण्याला म्हटले, "त्या स्वस्त यंत्राला मी जामीन राहणार नाही. महाग घे. राहुरीला कृषी विद्यापीठात किंवा दुसऱ्या एखाद्या मान्य शाळेत रीतसर शीक. मग मी आहे."

तो गप्प राहिला. फरकाची रक्कम थोडी नव्हती. त्या हंगामात कांद्याने दगा दिलेला, आणि थोरलीची फी भरायची होती. हे सारे मला माहीत होते. मला सल्ला द्यायला काय जाते, हेही तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. बराच वेळ कांद्याच्या रानाकडे पाहत बसला आणि मग एवढेच म्हणाला, "हप्ता चुकला तर बँक तुमच्याकडे येईल, काका."

"येऊ दे."

ओतूरच्या बँकेत कागद पुढे आले, तेव्हा मी ते सगळे वाचले. बारीक अक्षरांतली कलमेसुद्धा. साहेब दोनदा घड्याळाकडे पाहून खाकरले. शेवटच्या पानावर तेच जुने वाक्य होते, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.' चौतीस वर्षांत कधी झाले नव्हते, पण त्याखाली नाव लिहिताना माझा हात थोडा कापला.