ट्रे खाली ठेवल्यावर

मुंबई–गोवा महामार्गावर वडखळ मागे पडलं की गडब लागतं. तिथल्या रस्त्यालगतच्या हॉटेलांत वेटरचं काम करणारी पोरं एका वेळी चार टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवतात: दोन मिसळ, एक कटिंग, कोपऱ्यातल्यांना भाजी बिनकांद्याची. फडक्यानं टेबल पुसताना नजर दारावर. या कसबाला नोकरीच्या अर्जात रकाना नसतो, याचं वाईट वाटतं.

अशाच कामातून पुढे गेलेले बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत पुण्यात इन्फोसिसच्या गेस्ट हाउसमध्ये रूम सर्व्हिसचं काम करत. संगणकासमोर बसलेली माणसं नेमकं करतात काय, या कुतूहलानं त्यांना ग्राफिक डिझाइनकडे नेलं. नोकरी सांभाळून शिकले. पुढे स्वतःची डिझाइन कंपनी काढली, ‘शार्क टँक इंडिया’ या टीव्ही कार्यक्रमापर्यंत पोचले.

एन्व्हिडिया या चिप कंपनीचे सहसंस्थापक जेन्सन हुआंगही पंधराव्या वर्षी ओरेगॉनमधल्या डेनीज रेस्टॉरंटमध्ये भांडी घासत. मग टेबलं आवरू लागले, मग वेटर झाले. १९८४मध्ये पदवीनंतर एएमडीत चिप डिझाइनची नोकरी लागली. १९९३मध्ये एन्व्हिडियाचा बेत ठरला तोही सॅन होजेच्या डेनीजमध्येच. आपला बुजरेपणा वेटरच्या कामानं घालवला, असं ते सांगतात.

मग हॉटेलातून आलेला माणूस ऑफिसातल्या पहिल्या नोकरीत बावरतो तो कशानं? कदाचित खुर्चीमुळे. दिवसभर उभं राहायची सवय झालेल्या अंगाला बसून केलेलं काम कामच वाटत नाही. पगार घेतानाही संकोच होतो. ही भावना कधी सरते, कुणास ठाऊक.

अर्ज वाचणाऱ्यांनी हॉटेलातली वर्षं ओलांडून पुढे जाऊ नये. आणि पोरांनो, तुम्हीही ती लपवू नका.